व्हीएमची मेमरी होस्टवर कायम ९५ टक्के दिसते, घटत नाही किंवा दिसतच नाही: कारण शोधण्याची पद्धत

व्हीएम म्हणजे खऱ्या संगणकावर, म्हणजे होस्टवर, चालणारा आभासी संगणक; त्याच्या आतली ऑपरेटिंग सिस्टम म्हणजे गेस्ट. मेमरीबद्दलची ही तक्रार साधारण तीन रूपांत येते. व्हीएमच्या आत 'फ्री' कमांड दोनच जीबी वापरात असल्याचे सांगते, पण होस्टच्या पॅनेलवर तीच व्हीएम ९५ टक्क्यांवर लाल झालेली असते. किंवा गेस्टमधला मोठा प्रोग्राम बंद करून तास उलटला तरी होस्टवरचा आकडा हलत नाही. किंवा वापराचा आकडाच येत नाही, नेमून दिलेली मेमरी तेवढी दिसते. मग कोणीतरी व्हीएमची मेमरी आठवरून सोळा जीबी करतो. काही दिवस शांतता असते, आणि नंतर सोळा जीबीही ९५ टक्क्यांवर जाऊन बसते. दुखणे उलटते, कारण मेमरी कमी पडत आहे हे निदानच चुकलेले असते.

पुढची बहुतेक माहिती केव्हीएम, क्यूईएमयू आणि लिबव्हर्ट या लिनक्सवरच्या आभासीकरणाच्या साधनांवर चालणाऱ्या व्हीएमसाठी आहे. हायपर-व्ही आणि व्हीएमवेअर या दुसऱ्या आभासीकरण प्रणालींचे वेगळे ते शेवटाकडे दिले आहे.

आकडा नेमका कुणाचा?

एकाच व्हीएमबद्दल होस्टकडे तीन वेगळ्या प्रकारचे आकडे असू शकतात. पहिला गेस्टने स्वतः कळवलेला: माझ्याकडे एकूण इतकी, मोकळी इतकी. दुसरा होस्टच्या कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याने, मोजलेला: या व्हीएमच्या क्यूईएमयू प्रोसेसने खरी रॅम किती धरून ठेवली आहे, म्हणजे आरएसएस. तिसरा हायपरवायझरने, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, बाहेरून बांधलेला अंदाज. व्हीएमवेअरची 'ॲक्टिव्ह' मेमरी हे त्याचे उदाहरण.

हे तिन्ही आकडे एकमेकांशी जुळणार नाहीत, आणि जुळावेत अशी अपेक्षाही चूक आहे. गेस्टने एखादे पान (मेमरीचा ठरावीक आकाराचा छोटा तुकडा) एकदा वापरले की होस्टला त्यामागे खरी रॅम द्यावी लागते. नंतर गेस्टने ते पान मोकळे केले, तरी ही नोंद गेस्टच्या कर्नलच्या आतल्या यादीत होते. होस्टला ती यादी दिसत नाही. त्यामुळे आरएसएस म्हणजे 'आत्ता किती वापरात आहे' नव्हे, तर 'सुरू झाल्यापासून किती पानांना हात लागला आणि परत काही दिले नाही' असा हिशेब आहे. तो चढतो सहज, उतरत नाही.

म्हणून सर्वांत आधी पॅनेल कोणता आकडा दाखवते ते शोधावे. प्रॉक्समॉक्स या व्हीएम सांभाळणाऱ्या प्रणालीत बलूनची (हे उपकरण पुढे समजावले आहे) आकडेवारी येत असेल तर 'एकूण वजा मोकळी' असे गणित केले जाते. ती येत नसेल तर आकडा होस्टच्या बाजूने काढलेला असतो. म्हणजे एकाच यादीत शेजारी-शेजारी असलेल्या दोन व्हीएमचे टक्के वेगवेगळ्या व्याख्यांचे असू शकतात, आणि पडद्यावर तसे कुठे लिहिलेले नसते.

गेस्टचा निरोप होस्टपर्यंत कसा पोचतो

हे काम व्हर्टआयओ बलून नावाचे आभासी उपकरण करते. नावावरून वाटते की ते फक्त गेस्टची मेमरी आखडण्यासाठी, म्हणजे फुगून गेस्टची पाने अडवून होस्टला देण्यासाठी, आहे. पण त्याला फुगवण्याची आणि आकसण्याची अशा दोन रांगांखेरीज आकडेवारीची तिसरी रांग असते, आणि आपल्याला हवी आहे ती हीच. गेस्टमधला ड्रायव्हर या रांगेत एक बफर (आकडे भरण्याची जागा) ठेवतो. होस्ट तो स्वतःजवळ राखून ठेवतो. ताजी माहिती हवी झाली की होस्ट बफर परत करतो, ड्रायव्हर त्यात नवे आकडे भरून पुन्हा रांगेत लावतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, माहिती होस्टने मागितल्याशिवाय येत नाही. मागण्याचा कालावधी शून्य असेल तर उपकरण आहे, ड्रायव्हर आहे, तरी पुढे काही होत नाही. दोन, उत्तर देण्यासाठी गेस्टचे कर्नल हलते असावे लागते. गेस्ट थांबवलेला असेल किंवा मेमरी संपून गुदमरलेला असेल, तर होस्टकडे जुनाच आकडा पडून राहतो. नेमक्या गरजेच्या वेळी हा आकडा शिळा असू शकतो, हे अलार्म लावताना विसरू नये.

व्हर्शचे आकडे वाचताना होणारी फसगत

व्हर्श हे लिबव्हर्टचे कमांड-साधन. त्यातून आधी आकडे मागण्याचा कालावधी लावून घ्या. व्हीएमचे नाव 'वेब०१' धरले तर:

व्हर्श डॉममेमस्टॅट वेब०१ --पिरियड १० --लाइव्ह --कॉन्फिग

'लाइव्ह'मुळे चालू व्हीएमवर लगेच लागू होते, 'कॉन्फिग'मुळे पुढच्या वेळी सुरू करतानाही टिकते. यातला 'कॉन्फिग' विसरणे हेच 'व्हीएम बंद करून सुरू केली की आकडा गायब' या तक्रारीचे नेहमीचे कारण. व्हीएमची मांडणी लिहिलेल्या एक्सएमएलमध्ये मेमबलून घटकाच्या आत स्टॅट्स घटक आणि त्याचा पिरियड १० दिसला, की ते टिकाऊ झाले समजा. दहा सेकंद पुरेसे आहेत. एक सेकंद ठेवून फार काही हाती लागत नाही, आणि शेकडो व्हीएम असतील तर तेवढे फुकटचे इंटरप्ट (प्रोसेसरचे काम मध्येच थांबवणारे इशारे) वाढतात.

आता पर्याय न देता तीच कमांड चालवा. आठ जीबीच्या लिनक्स व्हीएमसाठी उत्तर साधारण असे येईल. आकडे केआयबीमध्ये, म्हणजे १०२४ बाइटच्या एककात:

ॲक्चुअल ८३८८६०८
अव्हेलेबल ८१२७४८८
अनयूज्ड ४०९६००
यूजेबल ६०२९३१२
डिस्क कॅशेस ५५०५०२४
आरएसएस ८५१९६८०

फसगत 'अव्हेलेबल' या शब्दात आहे. लिनक्सच्या मेमइन्फो या मेमरीच्या आकड्यांच्या फाइलमध्ये मेमअव्हेलेबल म्हणजे नव्या कामासाठी मिळू शकणारी मेमरी. लिबव्हर्टच्या यादीत 'अव्हेलेबल' म्हणजे गेस्टला दिसणारी एकूण मेमरी, म्हणजे गेस्टचे मेमटोटल. गेस्टचे मेमअव्हेलेबल इथे 'यूजेबल' नावाने येते, आणि मेमफ्री 'अनयूज्ड' नावाने. एकच शब्द, दोन अर्थ. यावरून कितीतरी स्क्रिप्ट चुकीच्या लिहिल्या जातात.

वरच्या आकड्यांवर दोन्ही गणिते करून पाहा. अव्हेलेबल वजा अनयूज्ड: ७७१७८८८ केआयबी, म्हणजे ७.३६ जीबी, सुमारे ९५ टक्के. अव्हेलेबल वजा यूजेबल: २०९८१७६ केआयबी, म्हणजे २ जीबी, सुमारे २६ टक्के. व्हीएम तीच, क्षण तोच. फरक आहे तो डिस्कवरून वाचलेल्या फाइलींच्या कॅशचा. लिनक्स मोकळी रॅम रिकामी ठेवत नाही, फाइलींनी भरते आणि गरज पडताच सोडते. आठची सोळा केली तरी ९५ टक्के का होतात, याचे उत्तर इथेच आहे: कॅश तितकीच पसरते.

पॅनेलचे सूत्र बदलता येत असेल तर 'यूजेबल'वर आधारित गणित घ्या. येत नसेल, जसे प्रॉक्समॉक्समध्ये, तर लिनक्स गेस्टचा लाल पट्टा गंभीरपणे घेऊ नका आणि गेस्टमधून वेगळे निरीक्षण ठेवा. 'यूजेबल' ही ओळच येत नसेल तर गेस्टचे कर्नल बरेच जुने आहे. मेमअव्हेलेबल हा आकडा मुळात लिनक्स ३.१४ मध्ये, २०१४ साली आला, आणि बलून ड्रायव्हरने तो पाठवायला त्यानंतर सुरुवात केली. अशा गेस्टसाठी अनयूज्ड अधिक डिस्क कॅशेस असा अंदाज करावा असे वाटेल, पण जुन्या ड्रायव्हरमध्ये डिस्क कॅशेस ही ओळही नसते. तिथे गेस्टमध्ये एजंट (आतून आकडे पाठवणारा छोटा प्रोग्राम) बसवणे हाच सरळ मार्ग.

आठ जीबी दिले तर अव्हेलेबल ८३८८६०८ का नाही, असाही प्रश्न येतो. गेस्टचे कर्नल प्रत्येक चार केआयबी पानामागे ६४ बाइटची नोंद ठेवते. आठ जीबीला त्याचेच १२८ एमबी होतात. त्यात कर्नलचा स्वतःचा गाभा, आणि क्रॅशकर्नलसाठी (कर्नल कोसळल्यावर चालणाऱ्या राखीव कर्नलसाठी) जागा राखली असेल तर तीही. हे सगळे मेमटोटलमधून आधीच वजा झालेले असते. २५० एमबीच्या आसपासची तूट हा बिघाड नव्हे.

क्यूईएमयू थेट चालवत असाल तर क्यूएमपी या त्याला आदेश देण्याच्या वाटेवरून बलून उपकरणाच्या 'गेस्ट-स्टॅट्स-पोलिंग-इंटरव्हल' या गुणधर्मात सेकंद भरायचे आणि 'गेस्ट-स्टॅट्स' वाचायचे. इथे आकडे बाइटमध्ये येतात, केआयबीमध्ये नाही. गेस्टने जो आकडा पाठवलाच नाही त्याच्या जागी १८४४६७४४०७३७०९५५१६१५ ही संख्या दिसते. तो ६४ बिटांतला उणे एक आहे. आलेखावर एखादी व्हीएम अचानक सोळा एक्झाबाइटवर गेली तर घाबरू नका, स्क्रिप्टमध्ये ही संख्या गाळा.

आकडा येतच नाही

फक्त ॲक्चुअल आणि आरएसएस दिसतात, बाकी ओळी नाहीत. साखळी होस्टकडून गेस्टकडे तपासत जावे; उलट दिशेने गेलात तर नसलेल्या उपकरणासाठी ड्रायव्हर शोधत बसाल.

उपकरण आहे का ते व्हीएमच्या एक्सएमएलमध्ये पाहा. मेमबलूनचे मॉडेल 'नन' असेल तर कुणीतरी कामगिरी सुधारण्यासाठी बलून काढून टाकला आहे. हा सल्ला सगळीकडे फिरतो आणि अर्धवट पाळला जातो: बलूनिंग नको असणे वेगळे, बलून उपकरण नको असणे वेगळे. कोणी फुगवलाच नाही तर बलून गेस्टची मेमरी घेत नाही, आकडेवारी मात्र देतो. प्रॉक्समॉक्समध्ये 'बलून: ०' लिहिले की उपकरणच जाते. तिथे किमान मेमरी आणि मेमरी हे दोन्ही आकडे सारखे ठेवून बलूनिंगची खूण तशीच राहू द्यावी, म्हणजे मेमरी स्थिर राहते आणि माहितीही येते.

उपकरण जोडल्यानंतर व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावी लागते. गेस्टच्या आतून रीबूट केल्याने क्यूईएमयूची प्रोसेस तीच राहते आणि नवे उपकरण उगवत नाही. यात तास वाया गेलेले पुष्कळ दिसतात.

लिनक्स गेस्टमध्ये उपकरणांची यादी देणारी 'एलएसपीसीआय' ही कमांड चालवा. बलूनचा निर्माता क्रमांक १एएफ४, उपकरण क्रमांक १००२ किंवा नव्या पद्धतीत १०४५. तो दिसला की व्हर्टआयओ बलून मॉड्यूल चढले आहे का ते 'एलएसमॉड'मध्ये (चढलेल्या मॉड्यूलांच्या यादीत) पाहा. काही वितरणांत ते कर्नलमध्येच गुंफलेले असते आणि तिथे दिसत नाही. खात्रीची जागा म्हणजे सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या जागेत) व्हर्टआयओ बसच्या ड्रायव्हर-यादीतली व्हर्टआयओ बलूनची डिरेक्टरी. तिच्यात उपकरणाचा दुवा असेल तर ड्रायव्हर बसलेला आहे. त्या दुव्यात 'फीचर्स' नावाची फाइल आहे, शून्य आणि एक यांची लांब माळ. डावीकडून मोजा: दुसरे चिन्ह १ असेल तर आकडेवारीची रांग दोन्ही बाजूंनी मान्य झाली आहे. तिसरे म्हणजे मेमरी संपत आल्यावर बलून आपोआप आकसण्याची सोय. सहावे म्हणजे मोकळी पाने परत करण्याची. या दोन्हींचा संबंध पुढे येतो.

विंडोजमध्ये ड्रायव्हर एकटा पुरत नाही. बलूनचा ड्रायव्हर बसला की डिव्हाइस मॅनेजरमधली पिवळी खूण जाते आणि काम झाले असे वाटते. पण मोकळी-वापरलेली मेमरी गोळा करून ड्रायव्हरला देण्याचे काम 'बलूनसर्व्हिस' ही वेगळी सेवा करते. व्हर्टआयओ-विन या विंडोजसाठीच्या ड्रायव्हर-संचाचा संपूर्ण गेस्ट-टूल्स इन्स्टॉलर वापरला तर ती बसते. हाताने करायचे असेल तर आयएसओमधल्या बलून फोल्डरातला तुमच्या विंडोज आवृत्तीचा भाग आधी डिस्कवर कॉपी करा, प्रोग्राम फाइल्समध्ये बलून नावाने ठेवा, आणि तिथून ॲडमिन म्हणून 'बीएलएनएसव्हीआर' ही फाइल '-आय' पर्यायासह चालवा. थेट आयएसओवरून चालवली तर सेवेचा पत्ता सीडी ड्राइव्हवर राहतो. आयएसओ काढला की पुढच्या बूटला सेवा उठत नाही. 'आठवडाभर आकडा येत होता, अपडेटनंतर गेला' यामागे हेच असू शकते: अपडेटने रीबूट केले, बाकी काही नाही.

फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टमच्या बलून ड्रायव्हरमध्ये आकडेवारीची रांग नाही. त्यामुळे त्यावर उभ्या असलेल्या पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स या फायरवॉल-व्हीएमचा आतला वापर या वाटेने कधीच येत नाही, आणि पॅनेल होस्टच्या बाजूचा आकडा दाखवते. दुरुस्त करण्यासारखे काही नाही. एसएनएमपी (नेटवर्कवरून आकडे विचारण्याची पद्धत) किंवा गेस्टमधल्या एजंटवर जा.

एक गैरसमज इथेच मोडून काढावा. क्यूईएमयू गेस्ट एजंट बसवल्याने हा आकडा सुधारत नाही. तो आयपी पत्ता, फाइलसिस्टम गोठवणे, व्यवस्थित शटडाउन यासाठी आहे. मेमरीचा निरोप बलूनकडूनच येतो. एजंटमधून मेमइन्फो फाइल वाचून घेता येते, बलून चालत नसलेल्या गेस्टसाठी ते उपयोगीही आहे, पण ते तुम्ही स्वतः लिहिलेले काम असेल, पॅनेल ते करत नाही.

ओपनस्टॅक या क्लाउड प्रणालीत नोव्हा या व्हीएम चालवणाऱ्या भागाच्या मांडणीत लिबव्हर्ट विभागातले 'मेम स्टॅट्स पिरियड सेकंड्स' तपासा. मूळ किंमत १० आहे; शून्य किंवा उणे केली तर आकडेवारी बंद. फायरक्रॅकर या हलक्या हायपरवायझरमध्ये हा कालावधी व्हीएम सुरू करण्याआधी द्यावा लागतो. सुरुवातीला शून्य ठेवला तर नंतर चालू व्हीएमवर उघडता येत नाही.

आकडा येतो, पण गोठलेला

डॉममेमस्टॅटच्या यादीत 'लास्ट अपडेट' असते, १९७० पासूनच्या सेकंदांत. तीस सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचा. कालावधी दहा असताना तो बदलला नाही, तर बाकीच्या ओळी इतिहास आहेत. शून्य असेल तर अजून एकदाही उत्तर आलेले नाही.

गेस्ट थांबवलेला किंवा निलंबित असेल तर हे स्वाभाविक. विंडोजमध्ये सेवा बंद पडली तरी असे होते. मायग्रेशननंतर (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवल्यावर) गोठले तर क्यूईएमयू फार जुना असण्याची शक्यता आहे: जुन्या आवृत्त्यांत मायग्रेशनमध्ये आकडेवारीच्या रांगेतला बफर हरवत असे आणि विचारपूस तिथेच थांबत असे. कालावधी पुन्हा लावून पाहा. त्याने नाही सुटले तर लिनक्स गेस्टमध्ये बलूनचे मॉड्यूल काढून पुन्हा चढवा, रांग नव्याने मांडली जाते. बलून फुगलेला असताना हे करू नका. मॉड्यूल निघताना सगळी पाने गेस्टला परत जातात आणि होस्टवर आधीच ताण असेल तर तो तिथेच तुटतो.

एकूण मेमरीच बदलते तेव्हा

बलूनिंग खरोखर वापरत असाल तर टक्क्यांचा छेदच हलतो. आठ जीबीच्या व्हीएममध्ये बलून तीन जीबी फुगवला, तर लिनक्सचा ड्रायव्हर ती पाने एकूणातून वजा करतो आणि गेस्टचे मेमटोटल पावणेपाच जीबीच्या आसपास उतरते. गेस्टमध्ये दोन जीबी वापर म्हणजे आता ४२ टक्के. पॅनेल आठने भागत असेल तर तिथे २५ टक्के. दोन्ही बरोबर, प्रश्न वेगळे.

पण ऑटोडिफ्लेट चालू असेल, म्हणजे फीचर्समधले तिसरे चिन्ह १, तर ड्रायव्हर मेमटोटल कमी करत नाही. कारण ही मेमरी केव्हाही परत मिळू शकते असे गृहीत असते. मग गेस्टमध्ये पावणेआठ जीबी एकूण दिसतात आणि पाच वापरात, पण 'टॉप'मध्ये कितीही बेरीज केली तरी तीन जीबी कुणाच्याच नावावर सापडत नाहीत. मेमरी गळतीच्या शोधात कर्नलच्या स्लॅबपर्यंत (त्याच्या स्वतःच्या मेमरीपर्यंत) पोचण्याआधी होस्टवर ॲक्चुअल पाहा. तो नेमून दिलेल्या आकड्यापेक्षा कमी असेल तर गळती नाही, बलून आहे. प्रॉक्समॉक्स किमान आणि कमाल मेमरी वेगळी दिली असेल तर होस्टचा वापर ८० टक्क्यांवर गेल्यावर आपणहून बलून फुगवतो. कोणी काही केले नाही असे वाटते ते त्यामुळे.

होस्टवरची मेमरी परत का येत नाही

आता आरएसएसकडे. वरच्या उदाहरणात तो ८.१ जीबी आहे, नेमून दिलेल्यापेक्षाही जास्त. जास्तीचा भाग क्यूईएमयूच्या स्वतःच्या कामाचा: उपकरणांचे बफर, थ्रेड, व्हिडिओ मेमरी. विंडोज गेस्ट तर मोकळी पाने शून्यांनी भरून तयार ठेवतो, त्यामुळे आत काहीच चालू नसतानाही आरएसएस पूर्ण आकड्याला जाऊन भिडतो.

मेमरी परत हवी असेल तर गेस्टने 'ही पाने मला नकोत' असे सांगायला हवे. मोकळ्या पानांची खबर देण्याची ही सोय लिनक्स ५.७ आणि क्यूईएमयू ५.१ मध्ये, दोन्ही २०२० साली आली. एक्सएमएलमध्ये मेमबलूनला 'फ्रीपेजरिपोर्टिंग' हा गुण 'ऑन' द्या, लिबव्हर्ट ६.९ किंवा पुढचे हवे. व्हीएम पूर्ण बंद-चालू करा. गेस्टमध्ये फीचर्सचे सहावे चिन्ह १ झाले का ते पाहा. चौथे चिन्ह दिसायला याचेच भावंड, पण ते फक्त मायग्रेशनच्या वेळी मोकळी पाने वगळण्यासाठी आहे. ते चालू करून आरएसएस उतरण्याची वाट पाहू नका.

चाचणी अशी: गेस्टमध्ये डेव्ह-एसएचएममध्ये 'डीडी'ने दोन जीबीची फाइल बनवा, होस्टवर आरएसएस टिपा, फाइल पुसा, दहा सेकंद थांबा, पुन्हा टिपा. ती जागा रॅममधलीच असल्याने पुसताच पाने खरोखर मोकळी होतात. ड्रायव्हर साधारण दोन सेकंदांच्या विलंबाने खबर देतो. आरएसएस दीड-दोन जीबीने उतरला तर यंत्रणा ठीक आहे.

आणि तरी रोजच्या वापरात आरएसएस वरच राहतो, त्याची कारणे ठरलेली. फाइल-कॅश मोकळी नसते, त्यामुळे तिची खबर जातच नाही. गेस्टमध्ये ड्रॉप-कॅशेस या कॅश रिकामी करण्याच्या फाइलमध्ये १ लिहून आरएसएस धाडकन उतरला तर कारण हेच होते. हा उपाय निदानापुरता आहे. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सोयीत) तासाला लावलात तर कॅश पुन्हा भरण्यासाठी डिस्क दर तासाला धापा टाकेल. दुसरे, एक्स८६-६४ वर खबर दोन एमबीच्या सलग तुकड्यांचीच जाते. बरेच दिवस चाललेल्या गेस्टमध्ये मोकळी पाने विखुरलेली असतात: मेमफ्री एक जीबी, पण सलग तुकडे मोजकेच. बडीइन्फो या मोकळ्या सलग तुकड्यांच्या मोजणीच्या फाइलमध्ये उजवीकडचे, म्हणजे मोठ्या तुकड्यांचे, रकाने शून्याजवळ असतील तर हे दुखणे आहे.

तिसरे कारण होस्टवरच्या मांडणीत आहे, आणि ते सर्वांत उशिरा सापडते. व्हीएमला ग्राफिक्स कार्ड किंवा नेटवर्क कार्ड थेट जोडले असेल, म्हणजे व्हीएफआयओ, तर उपकरण कुठल्याही पानात डीएमए (प्रोसेसरला वगळून थेट मेमरीत लिहिणे-वाचणे) करू शकते म्हणून गेस्टची सगळी मेमरी खिळून ठेवली जाते. क्यूईएमयू अशा वेळी पाने सोडणे बंद करतो. बलून फुगवला तर गेस्टची मेमरी जाते पण होस्टला काहीच मिळत नाही, दोन्हीकडून तोटा. आकडेवारी मात्र व्यवस्थित येत राहते, त्यामुळे बलून चालतोय असे वाटते. मेमरी 'लॉक्ड' ठेवलेल्या व्हीएमचेही असेच, कारण कुलूपबंद पाने सोडण्याची विनंती कर्नल नाकारते.

ह्यूजपेजेसवर, म्हणजे नेहमीपेक्षा मोठ्या पानांवर, चालणाऱ्या व्हीएमची गंमत उलटी. त्यांचा व्हीएमआरएसएस (होस्टवर प्रोसेसच्या स्टेटस फाइलमधला आरएसएस) काहीशे एमबीच दिसतो, कारण ही मोठी, ह्यूजटीएलबीची पाने त्यात धरलीच जात नाहीत. प्रोसेसच्या स्टेटस फाइलमध्ये ह्यूजटीएलबीपेजेस ही वेगळी ओळ आहे, तिचा आकडा त्यात मिळवा. अशा व्हीएमकडून होस्टला मेमरी परत येईल ही आशा सोडलेली बरी, १ जीबीच्या पानांवर तर नक्कीच.

केएसएम (सारखी पाने एकत्र करणारी कर्नलची सोय) चालू असेल तर एकच पान अनेक व्हीएमच्या आरएसएसमध्ये मोजले जाते आणि बेरीज होस्टच्या रॅमपेक्षा जास्त निघू शकते. त्याऐवजी प्रोसेसच्या स्मॅप्स-रोलअप फाइलमधला पीएसएस घ्या, त्यात सामायिक पान वाटून मोजलेले असते. उलट, आरएसएस अचानक उतरला म्हणून खूश होण्याआधी स्टेटस फाइलमधली व्हीएमस्वॅप ही ओळ पाहा: होस्टने ती पाने डिस्कवरच्या स्वॅपवर ढकललेली असू शकतात, आणि गेस्टला त्याचा पत्ता नसतो, फक्त सगळे संथ होते.

हायपर-व्ही आणि व्हीएमवेअर

हायपर-व्हीमध्ये 'मेमरी डिमांड' हा आकडा लिनक्स गेस्टच्या 'फ्री'शी कधीच जुळत नाही. गेस्टमधला एचव्ही बलून ड्रायव्हर दर सेकंदाला होस्टला ताण कळवतो, पण त्यात वापरलेली मेमरी नसते. कर्नलने प्रोग्रामांना कबूल केलेली मेमरी असते, म्हणजे मेमइन्फोमधले कमिटेड-एएस, शिवाय बलूनमध्ये गेलेली पाने आणि थोडी राखीव जागा. एखाद्या प्रोग्रामने दहा जीबी मागून दोनलाच हात लावला, तरी डिमांड दहाच्या हिशेबाने चढतो. तुलना करायचीच तर कमिटेड-एएसशी करा. उतरवायचा असेल तर डेटाबेस आणि जाव्हाच्या सुरुवातीच्या मागण्या आटोक्यात आणा.

डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) मध्ये व्हीएमएमईएम ही प्रोसेस फुगलेली दिसते ती बहुतेक फाइल-कॅशमुळे. डब्ल्यूएसएल-कॉन्फिगच्या एक्स्पेरिमेंटल विभागात 'ऑटोमेमरीरिक्लेम' हा पर्याय आहे. 'ग्रॅज्युअल' किंवा 'ड्रॉपकॅश' लिहून 'डब्ल्यूएसएल --शटडाउन' करा.

व्हीएमवेअरची 'ॲक्टिव्ह' मेमरी गेस्टला विचारून येत नाही. ईएसएक्सआय हा व्हीएमवेअरचा हायपरवायझर गेस्टची १०० पाने यादृच्छिक निवडतो आणि ६० सेकंदांत त्यातल्या कितींना हात लागला ते पाहतो. २० पानांना लागला तर २० टक्के ॲक्टिव्ह. डेटाबेसने बारा जीबी कॅश भरून ठेवली पण त्या मिनिटात थोडीच चाळली, तर ॲक्टिव्ह कमी येते. या आकड्यावरून व्हीएमची मेमरी कापणे ही महागात पडणारी चूक. 'कन्झ्यूम्ड' हा आरएसएसचाच भाऊ, तो वरच राहणार.

अलार्म कशावर लावावा

'अव्हेलेबल वजा यूजेबल' हे अव्हेलेबलच्या ९० टक्क्यांवर दहा मिनिटे राहिले, आणि त्याच काळात स्वॅप-इन (स्वॅपवरून परत आणलेली मेमरी) किंवा मेजर फॉल्ट (पान डिस्कवरून आणावे लागण्याचे प्रसंग) वाढत असतील, तेव्हाच व्हीएमसाठी उठावे. हे दोन्ही आकडे बूटपासूनची बेरीज असतात, म्हणून दोन वाचनांमधला फरक घ्या. लास्ट अपडेट कालावधीच्या तिपटीपेक्षा जुना झाला तर वेगळा अलार्म, आणि तोपर्यंत त्या व्हीएमचे टक्के आलेखावर काढूच नका. रेषा तुटलेली दिसणे शिळ्या सपाट रेषेपेक्षा बरे. होस्टसाठी व्हीएमच्या आरएसएसची बेरीज नको. होस्टचे स्वतःचे मेमअव्हेलेबल आणि स्वॅपचा वेग पुरे. आणि 'अनयूज्ड'वर लावलेला एखादा जुना अलार्म कुठे शिल्लक असेल तर तो आजच काढून टाका, कारण निरोगी लिनक्स गेस्टवर तो वाजतच राहणार.